बाबांच्या शाईच्या चित्रांत रंग भरताना कडेला पांढरी रेघ राहते. काय चुकतंय?

मृगधारा

मंडळी, मदत हवी आहे.

माझे बाबा मालवण तालुक्यातल्या एका शाळेत २७ वर्षं चित्रकला शिकवायचे. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवायचं, त्यांचे कागद तपासायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढायची, असा त्यांचा क्रम. जांभ्या चिऱ्याची घरं, पडव्या, तुळशीवृंदावनं, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. सगळं टाक आणि काळी शाई, ए-फोर आकाराच्या जाड कागदावर. अशी चाळीसेक चित्रं माझ्याकडे आहेत. जानेवारीत बाबा ७५ पूर्ण करतील. त्यांतली १२ निवडून, रंगवून घरच्यांसाठी कॅलेंडर छापायचं मनात आहे.

मी गिंप (चित्रांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर) वापरते, तेही नव्यानेच. पहिलं चित्र स्कॅन केलं, बकेट टूल घेतलं आणि कौलांवर तांबडा रंग ओतला. रंग आणि रेघ यांच्यामध्ये सगळीकडे बारीक पांढरट कड राहिली. थ्रेशोल्ड (किती वेगळ्या छटेपर्यंत रंग पसरू द्यायचा तो आकडा) वाढवला तर कड गेली, पण सोबत बारीक रेघाही गेल्या. आणि बाबा रेघ मध्येच तुटक सोडतात, तिथून रंग बाहेर सांडला. एका क्लिकमध्ये घर, अंगण, आभाळ सगळं तांबडं.

बाबांच्या रेघेला धक्का लागता कामा नये, एवढी एकच अट आहे. कसं करू?

कोरा_कागद

ताई, स्कॅन आठशे टक्के मोठं करून बघा. काळी रेघ आणि पांढरा कागद असं दिसणार नाही, मध्ये दोन-तीन पिक्सेलांची राखाडी किनार दिसेल. ती किनार असते म्हणूनच रेघ गुळगुळीत वाटते. बकेट पांढऱ्यावर ओतला की रंग त्या राखाडीपाशी येऊन थांबतो. तीच तुमची पांढरी कड. थ्रेशोल्ड वाढवला की रंग राखाडी खातो आणि पुढे रेघही खातो. म्हणजे आकडा कितीही बदललात तरी एक तर कड राहणार, नाहीतर रेघ जाणार. रंग आणि रेघ एकाच लेयरवर, म्हणजे एकाच पारदर्शक थरावर आहेत, चूक तिथे आहे.

रेघेचा लेयर वर ठेवा आणि त्याचा मोड मल्टिप्लाय करा. त्याखाली नवा रिकामा लेयर घ्या, रंग फक्त तिथे. मल्टिप्लायमध्ये वरचं पांढरं दिसेनासं होतं, काळं काळंच राहतं आणि राखाडी किनार खालच्या रंगाला तेवढीच गडद करते. भरताना फझी सिलेक्टने भाग निवडा (सॅम्पल मर्ज्ड चालू ठेवून), सिलेक्ट मेनूतून ग्रो घेऊन निवड २-३ पिक्सेल वाढवा, मग खालच्या लेयरवर रंग ओता. रंग रेघेच्या पोटाखाली सरकतो आणि कड उरतच नाही.

शाईपेन

+१. आणि रेघेच्या लेयरला लॉक पिक्सेल्सचं कुलूप आधी लावा. चुकून वरच्या लेयरवर ब्रश फिरतो, ते दहा मिनिटांनी लक्षात येतं आणि तोवर अनडू संपलेला असतो. तुमची अट बघता हे कुलूप पहिल्या मिनिटाला लागलं पाहिजे.

रानभूल

सांडणाऱ्या रंगाबद्दल सांगतो. गिंपच्या बकेट टूलमध्ये २०१९ पासून, म्हणजे २.१०.१० आवृत्तीपासून, 'फिल बाय लाइन आर्ट डिटेक्शन' असा पर्याय आहे. टूल ऑप्शन्समध्ये तो निवडा आणि सोर्स म्हणून वरचा लेयर द्या. मॅक्सिमम गॅप लेंग्थमध्ये आकडा द्यायचा असतो, तेवढ्या पिक्सेलांपर्यंतची तुटलेली रेघ तो मनातल्या मनात जोडून घेतो. शिवाय रंग आपोआप रेघेखाली थोडा वाढवतो, त्यामुळे वरचं ग्रो प्रकरणही वाचतं. मोठ्या स्कॅनवर आधी हिशेब करायला वेळ घेतो, तेवढा धीर धरा.

टिंबटिंब

चित्रकामच करायचं तर क्रिटा का नाही? तेही फुकट आहे. त्यात कलराइझ मास्क आहे, २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून. रेघेच्या लेयरवर मास्क लावायचा, कौलांवर तांबड्याचा एक फराटा, भिंतीवर पिवळ्याचा, झाडावर हिरव्याचा, आणि अपडेट दाबायचं. कुठल्या फराट्याची हद्द कुठे संपते ते तोच रेघा बघून ठरवतो. पार्श्वभूमीलाही एक फराटा द्यायचा आणि तो रंग ट्रान्सपरंट म्हणून नोंदवायचा. मी मुलीच्या शाळेच्या भित्तिपत्रकाची १४ चित्रं एका संध्याकाळी आटोपली होती.

सोनकी

मी थोडी वेगळी बाजू मांडते. ही सगळी हत्यारं स्वच्छ, बंद रेघेसाठी उत्तम. पण टाकाने काढलेलं कोकणातलं घर म्हणजे हॅचिंग आलंच. भिंतीवर, वळचणीखाली, पायरीच्या आतल्या बाजूला तिरक्या रेघांची जाळी असणार. तिथे बकेट म्हणजे जाळीचा एकेक डोळा वेगळा भरत बसायचं. कलराइझ मास्कही तिथे गोंधळतो.

त्यामुळे मी बकेट वापरतच नाही. फ्री सिलेक्ट घेते, हाताने भिंतीचा आकार काढते, रेघेच्या मधोमध जाईल असा, आणि आतलं सगळं एका रंगाने भरते. वर हॅचिंग मल्टिप्लायमध्ये आहेच, ते आपोआप उमटतं. तुटक रेघेचा प्रश्नच येत नाही, कारण हद्द आपला हात ठरवतो. एका चित्राला दोन तास जातात. पण तुम्हाला १२ च करायची आहेत, १२० नाहीत.

फक्त त्या सिलेक्शनचं अँटीअलायझिंग (कडा मऊ करणं) बंद ठेवा. सपाट रंगांचा लेयर कडा टोकदार ठेवूनच भरायचा. म्हणजे नंतर 'भिंत थोडी फिकी हवी' वाटलं, तर सिलेक्ट बाय कलरने थ्रेशोल्ड शून्य ठेवून एका क्लिकमध्ये पूर्ण भिंत हातात येते. कडा मऊ असतील तर प्रत्येक वेळी काठावर जुन्या रंगाची झालर उरते. टोकदार कडा दिसायला वाईट दिसतील अशी भीती नको, त्या रेघेखाली झाकल्या जातात.

मृगधारा

सगळ्यांचे आभार! कोरा_कागद, मोठं करून बघितलं. राखाडी किनार खरंच आहे. इतके दिवस मी आकड्यांशी झटत होते.

सोनकी, तुम्ही चित्र न बघता सांगितलंत. वळचणीखाली अगदी तशीच जाळी आहे. काल तिथे मी एकेक डोळा भरत बसले होते, सत्तरपर्यंत मोजले आणि लॅपटॉप मिटला.

छापखानदार

मी ३० वर्षं ऑफसेटमध्ये काढली, म्हणून दोन शब्द.

स्कॅन किती डीपीआयचं (एका इंचात किती ठिपके) आहे ते कुणी विचारलंच नाही. ते ३०० चं असेल तर आत्ताच पुन्हा ६०० ने करा, रंगवून झाल्यावर नव्हे. ए-फोर ६०० ला साधारण ४९६० × ७०१६ पिक्सेल होतो. कॅलेंडर ए-थ्री करायचं ठरलं तरी ४२० च्या पुढे डीपीआय उरतो. रंगाला ३०० पुरतात, रेघेला पुरत नाहीत. बारीक टाकाची रेघ ३०० ला पायऱ्या दाखवते. स्कॅनरवर टेक्स्ट किंवा ब्लॅक अँड व्हाइट हा पर्याय घेऊ नका, ग्रेस्केल घ्या. नंतर लेव्हल्समध्ये (काळं-पांढरं ताणायचं टूल) पांढऱ्या ड्रॉपरने कागदावर आणि काळ्या ड्रॉपरने सगळ्यात दाट शाईवर टिचकी मारा. कागद स्वच्छ होतो, किनार शाबूत राहते.

पूर्वी आमच्याकडे चित्रकार काळं चित्र द्यायचे आणि वर बटर पेपर चिकटवलेला असायचा. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं, आभाळ निळा २५, साडी पिवळा ५० लाल २५. निळा, लाल, पिवळा, तिन्हींचे चार-चार टप्पे धरले, ०, २५, ५० आणि १००, तर सगळे मिळून ६४ रंग व्हायचे. तेवढ्यात चित्र बसवायचं. रेघेची फिल्म मात्र कायम वेगळी, तिला कुणी हात लावत नसे. तुम्ही मल्टिप्लाय म्हणता तो आमचा ओव्हरप्रिंट. काळी शाई सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या वर.

बोरूवाला

काका, बटर पेपरवरून आठवलं. आमचे सर चित्राच्या कोपऱ्यात शाईची बाटली ठेवायचे आणि कॅम्लिनची वॉटरप्रूफ काळी सोडून दुसरी शाई चालवून घ्यायचे नाहीत. वरून जलरंग दिला तरी रेघ फुटत नाही म्हणून. कॅम्लिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत धंदा सुरू केला तो शाईपासूनच. मृगधारा, तुमच्या बाबांची शाई कोणती? टाक कुठला?

मृगधारा

बोरूवाला, बाटली अजून घरात आहे. तळाशी वाळलेला थर, झाकण फिरत नाही. उंटाचंच चित्र आहे. टाकाचं बाबांना विचारते, पण जपून, कॅलेंडरचं त्यांना कळता कामा नये.

काका, स्कॅन ३०० चंच होतं. उद्यापासून पुन्हा. एक अडचण आहे. जुन्या चित्रांवर तपकिरी डाग पडलेत, दमट हवेने. लेव्हल्स ताणले तर डाग अर्धवट जातात आणि बारीक रेघाही सोबत जातात.

रानभूल

डागवाली तेवढी ग्रेस्केल न करता रंगीत स्कॅन करा. मग कलर्स मेनूत कम्पोनन्ट्समध्ये जाऊन डीकम्पोझ करा, आरजीबी (लाल, हिरवा, निळा) निवडा. तीन वेगवेगळी काळी-पांढरी चित्रं मिळतील. लाल चॅनेल बघा. पिवळे-तपकिरी डाग त्यात जवळजवळ कागदाइतके पांढरे दिसतात, निळ्यात मात्र काळेकुट्ट. शाई तिन्हींत काळीच. लाल चॅनेल ठेवा, बाकीचे दोन टाका.

छापखानदार

रानभूल यांचं बरोबर आहे. स्वच्छ कागद ग्रेस्केल, डागाळलेला रंगीत. माझं वाक्य तेवढं दुरुस्त समजा.

वाटसरू७

इतका खटाटोप कशाला? आता एआयला चित्र दिलं की दहा सेकंदांत रंगवून देतं.

मृगधारा

वाटसरू, ते मी सगळ्यात आधी करून बघितलं होतं. रंग देखणे आले. पण पडवीच्या पाच खांबांचे चार झाले, पायऱ्या एकसारख्या झाल्या आणि तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यातली पणती गेली. ती पणती म्हणजे टाकाचे तीन ठिपके आहेत. ते घर माझ्या आजीचं आहे. पायऱ्या खरंच वेड्यावाकड्या होत्या, तिसरी उंच होती आणि तिथे सगळे अडखळायचे.

वाटसरू७

समजलं. मग सोनकींचीच पद्धत योग्य.

गवळण

मला मुळातच एक शंका आहे, रागावू नका. टाकाचं काळं-पांढरं चित्र अपुरं नसतं. हॅचिंग म्हणजे सावलीच, आणि कोरा सोडलेला कागद म्हणजे ऊन. चित्रकाराने सगळा उजेड त्या दोनांतच बसवलेला असतो. वरून रंग आला की तो तोल जातो. बाबांना हे रंगवलेलं हवं आहे का? विचारलंत?

टिंबटिंब

गवळण, सरप्राइज आहे ते. विचारणार कसं?

गवळण

सरप्राइज कॅलेंडरचं असू दे. पण १२ चित्रं त्यांची आहेत, म्हणून म्हटलं.

सोनकी

गवळण यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला शंभर टक्के पटतो. हॅचिंग असलेल्या चित्रावर डिजिटल सावली देऊ नये. सावली आधीच रेघेत आहे. वरून जांभळट मल्टिप्लायचा लेयर टाकला की तीच सावली दोनदा पडते आणि भिंत मळकट दिसते. सपाट, फिके रंग द्यावेत, जलरंगाचा एक हात दिल्यासारखे, आणि थांबावं. मी रंगवून झाल्यावर सगळ्यांच्या वर एक करडा लेयर ठेवते, मोड कलर, आणि चित्र क्षणभर काळं-पांढरं करून बघते. मूळ रेखाटनात जिथे उजेड होता तिथे अजून उजेड आहे का? नसेल तर तो रंग फार गडद झालाय. तांबड्याचं हे फार होतं, डोळ्याला उजळ वाटतो आणि करड्यात काळा निघतो.

मृगधारा

चार दिवसांनी येतेय. गवळण यांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. बाबांना विचारायचं धाडस झालं नाही, पण ६०० ने पुन्हा स्कॅन करताना एक चित्र काचेवर उलटं पडलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय:

"कौल – जुनं, काळपट. एक ओळ नवी, तांबडी. चिरा – भिजलेला. दार – हिरवं, उडालेलं. आभाळ – काही नको."

मग सगळी उलटी करून बघितली. चाळीसपैकी एकतीस चित्रांच्या मागे असं लिहिलेलं आहे. आईला विचारलं. ती म्हणाली, रंग आणायचे ते शाळेच्या मुलांसाठी, घरच्या चित्रांना पुरायचे नाहीत. नंतर रंगवीन म्हणून लिहून ठेवायचे.

मी बाराच्या बारा त्यातूनच निवडली.

गवळण

माझी शंका मिटली. रंगवा.

छापखानदार

हाच तो बटर पेपर.

कोरा_कागद

ताई, भिजलेल्या चिऱ्याचा रंग चाकावरून शोधू नका. नवा तोडलेला चिरा नारिंगी-तांबडा असतो, दोन-चार पावसाळे खाल्लेला काळपट तपकिरी, आणि ओला झाला की दोन्ही आणखी गडद. गावी कुणी असेल तर भिंतीचा फोटो मागवा आणि कलर पिकरची त्रिज्या वाढवून सरासरी रंग घ्या. एकाच पिक्सेलवर टिचकी मारलीत तर खड्ड्यातली सावली हाती येईल. आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

शाईपेन

स्कॅनलाही तोच नियम. भावाला किंवा छपाईवाल्याला चित्र फोटो म्हणून पाठवलंत तर ते लहान होऊन जेपीजी होतं आणि प्रत्येक रेघेभोवती राखाडी मुंग्या लागतात. काम एक्ससीएफमध्ये, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा, बाहेर द्यायचं ते पीएनजी किंवा टिफ.

सातासमुद्रापार

शिकागोहून वाचतेय. उडालेला हिरवा दरवाजा वाचून आजोळचं दार आठवलं. कुणीतरी उपाय सांगा ना, 'उडालेला' रंग कसा दाखवायचा? सपाट हिरवा दिला की प्लास्टिकचं दार वाटतं.

सोनकी

दाराच्या सपाट हिरव्याला अल्फा लॉक करायचा, म्हणजे ब्रश दाराबाहेर जातच नाही. मग खरखरीत ब्रशने त्यावर फिका लाकडी रंग, हात हलका ठेवून. कडी आणि उंबऱ्याजवळ जास्त, कारण रंग हात आणि पाय लागतात तिथे आधी उडतो. वरच्या चौकटीला जवळजवळ काहीच नको.

मृगधारा

पहिली चार पानं झाली! पद्धत सोनकींची, रेघेचा लेयर कुलूपबंद. झाडं आणि होड्या मात्र रानभूल यांच्या लाइन आर्ट पर्यायाने भरल्या, तिथे रेघा बऱ्यापैकी बंद होत्या. पांढरी कड कुठेही नाही, आठशे टक्क्यांवरही नाही.

दोन पानांची चाचणी छपाई जवळच्या दुकानात करून आणली. काळ्या रेघेला एका बाजूला निळसर-तांबडी सावली आली आहे. फाइल आरजीबी दिली होती.

छापखानदार

तुमची काळी रेघ चार शाया मिळून छापली गेली. आरजीबीचा काळा सीएमवायकेत आपोआप बदलला की सियान, मॅजेंटा, पिवळा आणि काळा असा सगळ्यांचा मिळून बनतो. चार शाया कागदावर केसभर इकडे-तिकडे पडल्या की रेघेला रंगीत सावली येते. आम्ही म्हणायचो रजिस्टर हललं. रेघ फक्त काळ्यात हवी, के १००, बाकी तिन्ही शून्य, आणि रंगांवर ओव्हरप्रिंट.

क्रिटात सीएमवायके थेट चालतं. खालचे रंग एकत्र करून एक पीएनजी काढा, रेघेची दुसरी, आणि सीएमवायकेच्या नव्या फाइलमध्ये जोडा. ते जड वाटलं तर दोन्ही फाइली वेगवेगळ्या द्या आणि दुकानात 'रेघ फक्त ब्लॅक प्लेटवर, ओव्हरप्रिंट' एवढंच सांगा. जाणकार माणूस लगेच ओळखेल. शंभराच्या आत प्रती असतील तर डिजिटलच करा, ऑफसेटच्या प्लेटचा खर्च परवडणार नाही. आणि एका पानाचा प्रूफ उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको.

मृगधारा

काका, जमलं. दोन फाइली दिल्या, समजावून सांगितलं, रेघ काळीभोर आली.

आणि एक कबुली. बाबांना कळलं. पहाटे पाणी प्यायला उठले आणि माझा लॅपटॉप उघडा होता. मला वाटलं आता सगळं फसलं. ते खुर्ची ओढून बसले होते आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत होते. मला म्हणाले, "पावसात चिरो असो तांबडो दिसणा नाय." मग आम्ही दोघं बसून उजाडेपर्यंत भिंतीचा रंग उतरवत होतो. आता रोज जेवणानंतर ते शेजारी बसतात. ती एक तांबडी ओळ नेमकी कितवी, तेही त्यांनी मोजून सांगितलं. कौलं त्या वर्षी माकडांनी फोडली होती.

बोरूवाला, टाकाचं उत्तर: शाळेच्या दुकानातला साधा स्टीलचा, टोक सहाणेवर घासलेला.

आता फक्त जूनचं पान राहिलंय. पुढून पडवी, पाऊस लागलेला, वळचणीवरून पागोळ्या. पागोळ्यांना रेघच नाही. हॅचिंग तिथे तोडून कागद उभा सोडलाय, एवढंच. भिंतीचा रंग खालून सलग भरला तर त्या बुडतात. पांढऱ्या ब्रशने वरून काढू?

सोनकी

वरून पांढरं नको, ती तुमची रेघ होईल. मागे काय लिहिलंय त्या चित्राच्या?

मृगधारा

"पागोळ्या – कागद."

सोनकी

मग भिंतीच्या सपाट लेयरवर इरेजर घ्या, हार्ड एज चालू. हॅचिंग जिथे तुटतं तिथून वरून खाली, एका श्वासात एक. त्यांना शेजारी बसवा आणि पेन त्यांच्या हातात द्या.